३८ हजारांची पॉवर कॉर्ड घरी लावून ऐकली, आवाजात फरक पडतो का?

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो. पॉवर कॉर्ड म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधून अँप्लिफायरला वीज पोचवणारी वायर. ही कॉर्ड बनवलीय झकास, हातात घेतली की पैसे कुठे गेले ते दिसतं, पण ती लावून माझ्या सिस्टीमचा आवाज बदलला नाही. त्याच सुमारास भिंतीतला एक सॉकेट बदलून घेतला, अर्थिंग नीट करून घेतलं आणि मागच्या केबलांची जागा बदलली, त्याने मात्र बदलला, आणि तो घरातल्या सगळ्यांना न सांगता कळला. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे मुंबईत हल्ली चांगला अँप्लिफायर घेतला की दुकानदार लगेच कॉर्ड दाखवतो, आणि आपल्यासारख्या नोकरदार माणसासाठी ३८ हजार म्हणजे थट्टा नाही, त्यात बऱ्यापैकी स्पीकरची जोडी येते.

कॉर्ड माझी नाही, मुलुंडच्या मित्राची. त्याने हौसेने घेतली आणि म्हणाला तुझ्याकडे नेऊन नीट ऐक आणि मला खरं काय ते सांग, माझं मन राखू नकोस. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या सगळ्याच कॉर्डचे दावे थोड्याफार फरकाने तेच असतात. दीड मीटर लांब, आत चार स्क्वेअर एमएमचं चांदीचा मुलामा दिलेलं तांबं, वर शिल्डिंगची जाळी, त्यावर विणलेलं काळं कापडी आवरण, आणि दोन्ही टोकांना प्लेटिंग केलेले जाडजूड प्लग. माझी सिस्टीम साधीच म्हणायची: टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरवाला क्लास एबी इंटिग्रेटेड अँप, एक डीएसी (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा), एमएम म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुईवाल्या भागाचा) टर्नटेबल, आणि शेल्फवर मावणारे छोटे बुकशेल्फ स्पीकर. दादरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दहा बाय बाराची खोली, तीच बैठकीची, तीच ऐकायची.

मित्राचं म्हणणं असं की कॉर्ड लावल्यावर पडदा हटल्यासारखं वाटतं, तानपुरा गवयाच्या मागे वेगळा उभा राहतो, बेस घट्ट होतो. तो खोटं बोलत नाहीये. चाळीस हजाराला दोन हजार कमी एवढी वस्तू पाच मिनिटांपूर्वी आपल्या हाताने लावली असेल तर कोणीही कान टवकारून ऐकणार, आणि कान टवकारून ऐकलं की रोजच्या रेकॉर्डिंगमध्येही कधी न ऐकलेलं सापडतंच. तेव्हा त्याला जे ऐकू आलं त्याबद्दल वाद नाही, ते कॉर्डमुळे आलं का एवढाच प्रश्न आहे.

आधी अँपच्या पोटात काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. भिंतीतून येणारा २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा एसी स्पीकरपर्यंत जातच नाही. तो ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरतो, ब्रिज रेक्टिफायर त्याचा डीसी करतो, आणि तो डीसी मोठ्या कपॅसिटरमध्ये भरून राहतो. हे भरणं सेकंदाला १०० वेळा होतं, आणि गाणं वाजवायला लागणारी पॉवर अँप या साठ्यातून घेतो. आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे, महापालिकेच्या लाइनला पाणी कमीजास्त दाबाने येवो, आपल्या नळाची धार गच्चीवरची टाकी ठरवते. म्हणजे कॉर्डने फरक पाडायचा असेल तर तो या सगळ्यातून गाळून निघून स्पीकरपर्यंत पोचला पाहिजे.

आता आकडे घ्या, कारण तारेचा रेझिस्टन्स हा काही मतांचा विषय नाही. एक स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्सिबल तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १९.५ ओहम असतो, चार स्क्वेअर एमएमचा साधारण ५ ओहम. दीड मीटरच्या कॉर्डमध्ये जाऊन-येऊन तीन मीटर तार. म्हणजे साध्या कॉर्डचे ०.०६ ओहम आणि या जाड्या कॉर्डचे ०.०१५. अँप एक अँपिअर खेचत असेल, जे घरात ऐकताना क्वचितच होतं, तर दोन कॉर्डमध्ये फरक पडतो ०.०४ व्होल्टचा. २३० मधले ०.०४! आमच्याकडे संध्याकाळभरात मीटरवर २२६ पासून २३८ पर्यंत काहीही दिसतं, आणि अँप कुठेही कुरकुर करत नाही. शिवाय मीटरबॉक्सपासून या बोर्डपर्यंत भिंतीतून वीसेक मीटर दीड एमएमची साधी वायर आलीय, तिचा जाऊन-येऊन अर्धा ओहम होतो. शेवटच्या दीड मीटरला कितीही जाड तांबं लावा, तो अर्धा ओहम तिथेच राहणार.

चांदीचंही तसंच. शुद्ध चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच जास्त चांगली वाहक आहे, म्हणजे तांब्याची तार तेवढीशी जाड घेतली की हिशोब बरोबर. आणि चांदीचा मुलामा स्किन इफेक्टसाठी (करंट तारेच्या वरच्या थरातूनच वाहतो त्यासाठी) असतो असं जे सांगतात, तर ५० हर्ट्झला तांब्यात त्या थराची जाडी, म्हणजे स्किन डेप्थ, नऊ मिलिमीटरच्या वर असते, एवढी जाड तर ही आख्खी कॉर्डची तारही नाही. रेडिओ फ्रिक्वेन्सीला ते खरं आहे, घरच्या विजेला नाही.

पण एक मुद्दा मला प्रामाणिकपणे मान्य करायचाय, कारण शंका घेणारे लोक तो फार पटकन झटकून टाकतात. ते म्हणतात, ट्रॉम्बे-डहाणूच्या वीजकेंद्रांपासून वीज एवढे किलोमीटर साध्या तारेने येते, मग शेवटच्या दीड मीटरने काय होणार. रेझिस्टन्सपुरतं हे बरोबर आहे, पण नॉइजपुरतं, म्हणजे विजेत मिसळणाऱ्या नको त्या सिग्नलपुरतं, पुरेसं नाही, कारण नॉइज लांबून येत नाही, तो घरातच तयार होतो. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, वायफाय राउटरचा अडॅप्टर, ही सगळी मंडळी लाइनवर कचरा टाकतात. शिल्ड असलेली कॉर्ड आपल्या शेजारच्या नाजूक केबलमध्ये कमी नॉइज सोडते हे खरं आहे. मात्र लाइनवरून आत येणारा नॉइज शिल्डने अडत नाही, त्याला फिल्टर लागतो, आणि बऱ्याच डीएसी-अँपमध्ये तो आतच दिलेला असतो. तरी शंका असेल तर कॉर्डवर चिमट्यासारखे बसणारे फेराइट मिळतात, शेपन्नास रुपयांत, आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीचं काम ते व्यवस्थित करतात.

मग ऐकून बघायची वेळ आली. इथे एक अडचण असते जी फारसं कोणी सांगत नाही. कॉर्ड बदलायला अँप बंद करावा लागतो, पुन्हा चालू करून आतला रिले (स्पीकर जोडणारा स्विच) पडेपर्यंत मिनिटभर जातं, आणि आवाजातले बारीक फरक कानाच्या आठवणीत काही सेकंदच टिकतात. त्यामुळे 'आत्ता लावली आणि लगेच कळलं' या वाक्यात लगेच असं काही नसतंच. आम्ही भाच्याला अँपच्या मागे बसवलं, तो नाणं उडवायचा, छापा आला तर जाडी कॉर्ड, काटा आला तर साधी, आणि तीच कॉर्ड राहिली तरी ती काढून परत लावायची म्हणजे वेळेवरून अंदाज येणार नाही. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, कोणी बोलायचं नाही. मी, मित्र आणि माझी बायको, जिचा कान आमच्या दोघांपेक्षा तयार आहे कारण ती लहानपणापासून गाणं शिकलीय. विलंबित ख्यालाचं एक रेकॉर्डिंग, थोडं पियानो, एक तबल्याचा सोलो. बराच वेळ केलं हे, मधे चहा झाला, परत केलं. तिघांचीही उत्तरं बरोबर-चूक निम्मी निम्मी आली, म्हणजे नाणंच उडवून उत्तर दिलं असतं तरी तेच झालं असतं. मित्र नाराज झाला पण त्याने कबूल केलं की जाडी कॉर्ड म्हणून ज्यावर तो खूश झाला होता त्यातल्या बऱ्याच वेळा साधीच लागलेली होती.

घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा. दहापैकी सात बरोबर आले म्हणून लोक उड्या मारतात, पण नुसत्या अंदाजाने सात किंवा जास्त यायची शक्यता १७ टक्के असते, म्हणजे जवळजवळ सहापैकी एकदा. दहापैकी नऊ किंवा दहा आले तरच म्हणा की काहीतरी आहे, कारण ते अंदाजाने यायची शक्यता एक टक्क्याच्या आसपास.

आमची चाचणी घरगुती होती, पण २००४ साली अमेरिकेत ऑडिओप्रेमींच्याच एका ग्रुपने एबीएक्स पद्धतीने (ए आणि बी ऐकवून मग न सांगता लावलेला एक्स त्यातला कोणता ते ओळखायचं) हेच केलं होतं, नॉर्डोस्टच्या वलहाला नावाच्या महागड्या कॉर्डची साध्या कॉर्डशी तुलना, आणि एकूण १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली. ४९ टक्के. ऐकणारे लोक केबलचे विरोधक नव्हते, उलट फरक ऐकू येईल या अपेक्षेनेच आले होते, म्हणून मला हा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता खरा विषय, सॉकेटचा. झालं असं की ही जाडी कॉर्ड भिंतीत लावताना प्लग सैल बसत होता, वजनाने खाली झुकायचा, आणि कधीतरी स्पीकरमधून टिक-चर्र असा आवाज यायचा. मला वाटलं प्लगमध्येच काहीतरी आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये गेली कित्येक वर्षं काम करणारे एक वायरमन काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी कॉर्डकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "दादा, कॉर्डचं काय घेऊन बसलात, आधी हा सॉकेट बघा." मेन बंद करून बोर्ड उघडला तर फेजच्या भोकाच्या आत पितळी पट्टी पसरून सैल झालेली, तिच्या कडेला जळल्याचा काळा डाग, प्लास्टिक थोडं पिवळं पडलेलं. आणि मागे अर्थची हिरवी वायर स्क्रूखाली नव्हतीच, स्क्रूच्या शेजारी नुसती टेकलेली, टोकाला हिरवट गंज चढलेला. मुंबईच्या हवेत हे होणारच, समुद्राची खारट दमट हवा आणि चार महिने पाऊस, उघडं तांबं आणि पितळ किती टिकणार. कधीतरी रंगकाम किंवा फर्निचरच्या वेळी कोणीतरी बोर्ड उघडला असेल आणि अर्थ परत आवळायचा राहिला असेल.

त्यांनी उघडायच्या आधी मल्टिमीटर लावून दाखवलं होतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं, आमच्याकडे भलतंच काहीतरी यायचं आणि आकडा हलत राहायचा, म्हणजे अर्थ जोडलेलाच नाही. तेव्हा कळलं की ओल्या हाताने अँपच्या पत्र्याला बोट लागलं की ज्या झिणझिण्या यायच्या त्या कशाच्या. बऱ्याच उपकरणांच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीकडे जोडलेले असतात, अर्थ नसला की बॉडी अधांतरी राहून साधारण निम्म्या व्होल्टेजला जाते, करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस दचकून सोडून देतो. तो झिणझिणणारा अँप म्हणजे अर्थिंग तपासायची सूचना आहे, ती कृपा करून अंगावर काढू नका.

१६ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा आयएसआय सॉकेट, नवीन स्विच, अर्थची वायर टोक कापून तांबं लखलखीत करून आवळलेली, मेनबोर्डात अर्थचा जोड तपासलेला, सगळं मिळून मजुरीसकट हजाराच्या आत. टिक-चर्र बंद, कारण तो सैल कॉन्टॅक्टमध्ये पडणाऱ्या ठिणगीचा आवाज होता. आणि फोनोवर, म्हणजे टर्नटेबलच्या इनपुटवर, टाकून आवाजाचं बटण घड्याळातल्या बाराच्या जागेपर्यंत फिरवलं की जी घुर्र ऐकू यायची ती चांगलीच खाली गेली. सगळी गेली नाही, उरलेली दोन ठिकाणी सापडली.

पहिली म्हणजे टर्नटेबलची केबल अँपच्या पॉवर कॉर्डला चिकटून खाली उतरत होती. एमएम कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल पाचेक मिलिव्होल्टचा, फोनो स्टेज तो शंभरेक पटीने वाढवतो, आणि शेजारच्या मेनच्या तारेतून शिरलेला ५० हर्ट्झही त्याच्याबरोबर वाढतो. ती केबल कॉर्डपासून हातभर दूर नेली, आणि जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात ओलांडली, झालं. शिल्डवाली महागडी कॉर्ड इथे खरंच थोडी उपयोगी पडली असती, पण हातभर अंतराला पैसे पडत नाहीत.

दुसरी म्हणजे सेट-टॉप बॉक्स. टीव्हीचा आवाज सिस्टीमवर ऐकायला आम्ही तो जोडलाय, आणि त्यात येणारी केबलवाल्याची कोअॅक्स (टीव्हीची गोल केबल) बिल्डिंगमध्ये दुसरीकडेच कुठेतरी अर्थला टेकलेली असते, त्यामुळे दोन अर्थमध्ये गोल तयार होतो आणि त्यातून हम, म्हणजे ती घुर्र, येतो. ओळखायची खूण सोपी, सगळं चालू ठेवून कोअॅक्स काढा, हम गायब झाला तर तोच चोर. त्यावर कोअॅक्सचा आयसोलेटर मिळतो, तो लावा. पण हम घालवायला प्लगची जाडी पिन काढून टाकणं किंवा टूपिन अडॅप्टर लावणं, हे जे सर्रास सांगितलं जातं ना, ते करू नका, अजिबात करू नका. हम जातो आणि एखाद्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की पत्र्यावर पूर्ण फेज येतो. घरात लहान मुलं असतात, ओले हात असतात, गाण्यापायी हा धोका कोणी घ्यावा असं मला वाटत नाही.

पैसे शिल्लक असतील तर खोलीवर घाला. माझ्या बारा फुटी लांबीत ४७ हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट ९४ ला खोली घुमते, दहा फुटी रुंदीत ५६ ला, हे नुसत्या गणिताने निघतं, आणि सोफा मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ओढल्यावर डग्ग्याचा घुमारा एवढा सावरला की मित्रच म्हणाला हा बेस मला हवा होता. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट. यावर वेगळं लिहायला हवं.

साधी कॉर्ड कोणती घ्यावी हे मात्र बघूनच घ्या, कारण साधी म्हणजे कसलीही नव्हे. लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरची म्हणून जी मिळते तीच ही, तीन पिनचा प्लग आणि दुसऱ्या टोकाला सी-१३, म्हणजे उपकरणाच्या मागे बसणारा तीन भोकांचा कनेक्टर. आवरणावर तारेचं माप छापलेलं असतं, ०.७५ पेक्षा एक किंवा दीड एमएम घ्या, प्लगवर आयएसआय मार्क बघा, आणि हातात अगदीच हलकी लागली तर ठेवून द्या. एकदम स्वस्तातल्या काही कॉर्डमध्ये तिसरी पिन असते पण आत अर्थची तारच नसते, म्हणून दुकानातच मल्टिमीटर मागून जाड्या पिनपासून सी-१३ च्या मधल्या भोकापर्यंत बीप येते का बघा, दुकानदार नाही म्हणत नाही. मी घेतली ती अडीचशेला, दीड एमएमची. जास्त वीज खाणारा मोठा क्लास ए अँप असेल किंवा मोठा सबवूफर असेल तरी हीच पुरते, सी-१३ मुळात १० अँपिअरचा असतो. आणि एक्स्टेंशन बोर्डला एक्स्टेंशन लावून त्यात सगळं खुपसलं असेल तर कॉर्डचा विचार करण्याआधी ते सोडवा.

आता मित्राच्या कॉर्डबद्दल उरलेलं. काम सुबक आहे, सोल्डरिंग की क्रिंपिंग जे काही आत आहे ते कितीही वाकवलं तरी हलत नाही, सी-१३ अँपमध्ये गच्च बसतो, याबाबतीत साध्या कॉर्डपेक्षा नक्कीच वरचढ. पण ताठ एवढी की डीएसीला लावली तर डीएसीच मागून उचलला जातो, पुढचे दोन पाय शेल्फवर आणि मागचे अधांतरी. अँप भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा लागला कारण ती त्याच्या आत वळतच नाही. भिंतीकडचा प्लग जड असल्याने सॉकेटवर सतत खाली ओढ राहते, नवीन सॉकेटला हे चालेल, जुन्या सैल सॉकेटमध्ये हाच प्लग ठिणगी पाडणार.

मित्राच्या कॉर्डला निदान भारतीय १६ अँपिअरची पिन होती. बाहेरून मागवलेल्या बऱ्याच कॉर्डना अमेरिकन प्लग असतो, तो १२५ व्होल्टसाठी रेट केलेला असतो, किंवा युरोपचा गोल शुको, आणि ते लोक ट्रॅव्हल अडॅप्टरमध्ये खोचून वापरतात, ज्यात बऱ्याचदा अर्थ पुढे जातच नाही. अशी कॉर्ड आधीच घेतली असेल तर वायरमनकडून तो प्लग कापून आपला आयएसआय थ्रीपिन बसवून घ्या, फेज-न्यूट्रल उलटे होत नाहीत ना बघायला सांगा आणि अर्थची बीप तपासून मगच लावा, वॉरंटी गेली तरी चालेल.